वण आणि कर्ता : बालपणच्या जखमांच्या कथनांविषयी काही विचार

मराठीत ‘व्रण’ आणि ‘वण’ हे दोन शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. संस्कृत ‘व्रण’ प्राकृतात ‘वण’ झाला व त्याच रूपाने मराठीत उतरला. पुढे वैद्यांच्या आणि पंडितांच्या लेखणीतून तत्सम ‘व्रण’ही परत आला. तत्सम-तद्भवांच्या अशा जोड्या आपल्या भाषेत विपुल आहेत; परंतु या जोडीतील अर्थाची वाटणी विशेष विचार करण्याजोगी आहे. तत्सम शब्दाच्या वाट्याला ओली, वाहती, दुखणारी जखम आली. तद्भवाच्या वाट्याला ती भरून आल्यानंतर उरलेली खूण आली. (वृत्तपत्री मराठीत ‘व्रण’ हा शब्द आता सर्रास ‘वणा’च्या अर्थाने येतो, त्याबद्दल तक्रार करण्याची वेळ टळून गेली आहे.) ‘वळ’ हा शब्द यांच्या जवळचाच, पण तो चार दिवसांत मावळणारा. ‘किण’ म्हणजे घट्टा. तो एका प्रसंगाने पडत नाही, सवयीने पडतो. विराटपर्वात अर्जुन बृहन्नडेचा वेष घेतो तेव्हा धनुष्याच्या दोरीने दोन्ही बाहूंवर पडलेले घट्टे त्याला बांगड्यांखाली लपवावे लागतात. त्या घट्ट्यांची कथा सांगता येत नाही, कारण ती एका दिवसाची नाही. तीळ व जन्मखूण यांनाही कथा नसते. नलोपाख्यानात सुदेव ब्राह्मण दमयंतीला तिच्या भुवयांमधील तिळावरून ओळखतो. पण तो तीळ कसा आला, हे कोणी विचारीत नाही. वणाविषयी मात्र हा प्रश्न विचारलाच जातो. ‘हे काय झालं?’ असे विचारताच उत्तरादाखल एक लहानशी कथा येते. तिला आरंभ असतो, एक घटना असते, आणि शेवट म्हणून तो वण स्वतःच श्रोत्याच्या डोळ्यांसमोर असतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही लहानशी कथा होय. तिच्यात कर्ता कोण असतो, आणि पुष्कळदा तो का नसतो, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

साहित्यसमीक्षेत वणाची चर्चा सुरू झाली की एरिक आउअरबाख याचे नाव प्रथम घेतले जाते. इस्तंबूलमधील निर्वासित आयुष्यात लिहिलेला व १९४६ मध्ये बर्न येथे प्रसिद्ध झालेला त्याचा ‘मिमेसिस’ हा ग्रंथ ओडिसियसच्या वणावरील प्रकरणानेच उघडतो. प्रसंग सर्वपरिचित आहे. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात स्वगृही परतलेल्या ओडिसियसचे पाय वृद्ध दाई युरिक्लिया धुते, मांडीवरील वण तिच्या हाताला लागतो, आणि ती त्याला ओळखते. याच क्षणी होमर कथा थांबवितो आणि सत्तरांहून अधिक ओळी खर्चून तो वण कसा पडला हे सांगतो. आजोबा ऑटोलिकस याने नातवाचे नाव ठेवले, पुढे तरुणपणी नातू त्याच्याकडे गेला, पार्नासस पर्वतावर शिकार झाली, रानडुकराचा सुळा मांडीत घुसला, मामांनी जखम बांधली व मंत्र म्हणून रक्त थांबविले. आउअरबाखच्या मते होमरच्या सृष्टीत सारे काही पृष्ठभागावर, सारख्याच उजेडात असते; आख्यानाने कथा लांबते, पण तिच्यामुळे उत्कंठा निर्माण होत नाही, कारण पार्श्वभूमी अशी वस्तूच तेथे नाही. त्याच्या विरुद्ध टोकाला तो अब्राहाम व इसाक यांची, मौनाने भरलेली, बायबलमधील कथा ठेवतो.

या मताचे मोठेपण निर्विवाद आहे. तथापि वणाच्या कथनाविषयी ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आयरीन द याँग यांनी १९८५ मधील एका लेखात असे दाखवून दिले आहे की हे आख्यान कवीने बाहेरून आणून ठेवलेले नसून त्या क्षणी युरिक्लियेच्या मनात उजळून गेलेली स्मृती म्हणून ते वाचता येते. ही दिशा योग्य आहे, पण आणखी पुढे जावयास हवे. आख्यानाच्या शेवटी असे सांगितले आहे की घरी परतल्यावर आईबापांनी वणाविषयी सर्व विचारले आणि मुलाने ते नीट सांगितले. म्हणजे या कथेचा पहिला निवेदक ज्याच्या अंगावर वण आहे तोच आहे. ती जाणत्या वयातील जखम आहे. ती करणारे जनावर आहे. कर्ता लपविण्याचे कोणासही कारण नाही. हा उजेड होमरच्या शैलीचा जितका, तितकाच या विशिष्ट जखमेचाही आहे. आणि त्या उजेडालाही एक काठ आहेच. आख्यान संपताच ओडिसियस काय करतो? एका हाताने तो दाईचा गळा धरतो, दुसऱ्याने तिला जवळ ओढतो आणि गप्प राहण्याविषयी बजावतो. आउअरबाख या गोष्टीचा उल्लेख करतो, पण तीवर थांबत नाही. वणाची कथा जिला ठाऊक आहे तिच्या गळ्यावर वणाच्या मालकाचा हात असावा, हे त्याला पार्श्वभूमीहीन का वाटले, हे कळत नाही.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर हनुमंताचे घ्यावे. ‘हनु’ म्हणजे हनुवटी, जबडा. बालपणी सूर्याकडे झेपावलेल्या या वानरबालकावर इंद्राने वज्र टाकले, डावी हनुवटी भंगली, आणि त्यावरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती वाल्मीकिरामायणात दिली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती कितपत टिकते हा प्रश्न बाजूला ठेवू. बालपणच्या इजेवरून पडलेले नाव म्हणून परंपरेने ती स्वीकारली आहे. ओडिसियसच्या आख्यानातही नामकरण व वण एकत्रच येतात, हे साम्य सहज लक्षात येईल. परंतु निवेदक कोण, हे पाहिल्यास भेद स्पष्ट होतो. किष्किंधाकांडाच्या शेवटी समुद्रकाठी वानरसेना हताश होऊन बसलेली असता ही कथा जांबवान हनुमंताला सांगतो. ज्याची हनुवटी भंगली त्यालाच ती कशी भंगली हे वडीलधाऱ्याकडून ऐकावे लागते. ऋषींच्या शापाने त्याला स्वबलाचे विस्मरण झाले होते, असे कारण पुढे उत्तरकांडात येते. पण शापाचीही तशी गरज नाही. इतक्या लहानपणची गोष्ट कोणाच्या लक्षात राहते?

येथे आपण मुख्य विषयाशी येतो. प्रौढ माणसाच्या सर्वांत जुन्या आठवणी सामान्यतः तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या अलीकडच्या असतात, हे मानसशास्त्रात आता रूढ झालेले निरीक्षण आहे. उलट, ज्या वयात मूल रांगते, पाळण्यातून डोकावते, चुलीकडे धाव घेते, उंबऱ्याला अडखळते, तेच वय जखमांचे. त्यामुळे बहुतेक माणसांच्या अंगावर एखादी तरी अशी खूण असते की जिच्याविषयी ती स्वतः साक्षीदार म्हणून बोलू शकत नाहीत. स्वतःच्या शरीराविषयी त्यांची साक्ष ऐकीव असते. मराठीला या स्थितीसाठी एक नेमका शब्द आहे : ‘म्हणे’. ‘मी म्हणे पाळण्यातून पडलो.’ या वाक्यातील ‘म्हणे’ हे ‘म्हणणे’ या धातूचे रूप असले तरी येथे त्याला कर्ता नाही. कोण म्हणते ते सांगण्याचे बंधन नाही. ते केवळ एवढेच दर्शविते की या विधानाची जबाबदारी वक्त्याची नाही. सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्यास असेही दिसून येईल की हाच माणूस हीच गोष्ट दहा वेळा सांगू लागला की ‘म्हणे’ हळूहळू गळून पडते. ‘मी पाळण्यातून पडलो’ असे तो सांगू लागतो, आणि पुढे पाळण्याचा रंगही सांगतो.

या प्रक्रियेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण झाँ पियाजे याने स्वतःच्या आयुष्यातून दिले आहे. तो दोन वर्षांचाही नसताना पॅरिसमध्ये, शाँझेलिझेवर, बाबागाडीतून त्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. दाईने शौर्याने प्रतिकार केला, आणि तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उमटले. हा प्रसंग त्याला चित्रासारखा आठवत असे. तो पंधरा वर्षांचा असताना त्या दाईचे आईवडिलांना पत्र आले. तिने सारी हकीकत रचली होती, ओरखडेही स्वतःच काढले होते, आणि बक्षीस मिळालेले घड्याळ तिने परत पाठविले. ओरखडे खरे होते, कथा खोटी होती, आणि मुलाच्या डोळ्यांसमोरचे चित्र त्या खोट्या कथेतून तयार झालेले होते. खूण घटनेला साक्ष देते, हेतूला व कर्त्याला देत नाही.

आता व्याकरणाकडे वळू. इजेविषयी मराठी कसे बोलते? मला लागले. मला खरचटले. बोट कापले. हात भाजला. ठेच लागली. चटका बसला. खोक पडली. टेंगूळ आले. काटा रुतला. या सर्व वाक्यांत सोसणारा बहुधा चतुर्थीत असतो किंवा त्याचा एखादा अवयव प्रथमेत येतो. घडविणारा कोठेच नसतो. ‘लागणे’, ‘बसणे’, ‘पडणे’, ‘येणे’ ही क्रियापदे इजेला जणू स्वतःच्या पायांनी चालत यावयास लावतात. देवीच्या रोगाविषयीही आपण ‘देवी आल्या’ असेच म्हणत असू. (त्या बाबतीत एक चमत्कार असा की कर्ता खुणेच्या नावातच राहिला, ‘देवीचे वण’, आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ म्हटले गेल्याने रोगाची व रोगनिवारणाची खूण एकाच देवतेच्या नावाने ओळखली गेली. मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिला १४ जून १८०२ रोजी लस टोचण्यात आली तेव्हापासूनच्या, आणि भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळेपर्यंतच्या काळात, दंडावरची ती गोल खूण कोट्यवधी देहांवर उमटली. १९८० मध्ये रोगाच्या निर्मूलनाची घोषणा झाल्यानंतर जन्मलेल्यांच्या अंगावर ती नाही. एका खुणेची एवढी मोठी व एवढी एकसारखी कथा दुसरी नसेल. पण तिची मीमांसा इतिहासकारांनी करावी.)

भाषेला कर्ता सांगता येत नाही असे मात्र मुळीच नाही. ‘त्याने मला दगड मारला’ आणि ‘मला दगड लागला’ ही दोन्ही वाक्ये उपलब्ध आहेत. आणि या दोहोंच्या मध्ये तिसरी सोयही आहे : ‘त्याच्या हातून मला दगड लागला’. ‘हातून’ हे रूप कर्ता सांगते पण हेतू नाकारते. म्हणजे मराठी वक्त्यापुढे किमान तीन पायऱ्या असतात, आणि तो कोणत्या पायरीवर उभा राहतो ही निवड असते. प्राचीन वैयाकरणांनी ही गोष्ट ओळखली होती. पाणिनीने स्वातंत्र्य हे कर्त्याचे लक्षण मानले. परंतु हे स्वातंत्र्य वस्तूत असते की सांगणाऱ्याच्या इच्छेत असते, या प्रश्नाला परंपरेने ‘विवक्षे’ने उत्तर दिले. तलवार हे तोडण्याचे साधन. तरीही ‘तलवार चांगली तोडते’ असे म्हणता येते, आणि तेथे तलवार कर्ता होते. तलवार धरणारा हात वाक्याबाहेर राहतो. व्याकरणाचे वर्ग घेताना हे उदाहरण आपण निर्विकारपणे सांगून पुढे जातो. ‘मार खाणे’ हा प्रयोग तर याहून पुढचा आहे. ‘मी लहानपणी फार मार खाल्ला’ या वाक्यात सोसणाराच कर्ता झाला आहे, आणि मारणाऱ्यासाठी जागा शिल्लक नाही.

येथे एक वैयक्तिक उदाहरण देण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. प्रस्तुत लेखकाच्या डाव्या भुवईत वण आहे. सेवापुस्तकात ओळखीची खूण म्हणून त्याची नोंद आहे. कार्यालयाला अर्थातच कथेशी कर्तव्य नसते. ही खूण अडीच वर्षांच्या वयातली. आई सांगत असे : ‘तुला तांब्या लागला.’ या वाक्यावर लेखकाने पुढे स्वतःच एक चित्र रचले. मोरीजवळ तांब्या ठेवलेला होता, आपण धावत आलो, घसरलो आणि त्याच्या काठावर आपटलो. मित्रांना हीच गोष्ट अनेकदा सांगितली, आणि ‘म्हणे’ केव्हाच गळून गेले होते. आई गेल्यानंतर काही वर्षांनी एका आत्याशी बोलताना ही गोष्ट निघाली. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘अरे, तांब्या काय आपोआप उडतो?’ वडिलांनी तो फेकला होता. मुलावर नव्हे. मूल आईच्या कडेवर होते.

या प्रसंगातील दुःखाविषयी येथे लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते आईच्या वाक्याविषयी. ‘तुला तांब्या लागला’ हे वाक्य अक्षरशः खरे होते. ती एकदाही खोटे बोलली नव्हती. ‘तू पडलास’ असे म्हणणे तिला सोपे होते, पण ते तिने म्हटले नाही. ‘त्यांच्या हातून तांब्या सुटला’ असे म्हणून मधल्या पायरीवर थांबता आले असते. तेथेही ती थांबली नाही, कारण ते खरे नव्हते. मराठी व्याकरणाने जेवढी जागा दिली तेवढ्याच जागेत ती उभी राहिली : साधन प्रथमेत, मूल चतुर्थीत, बाकी कोणी नाही. घसरण्याचे चित्र मुलाने रचले होते, आईने नव्हे. दुसरीही एक गोष्ट वाक्यात नाही, आणि ती लक्षात यावयास लेखकास फार दिवस लागले : तांब्या कोणाला लागावयाचा होता. त्या वाक्यातून ती स्वतःही निघून गेली होती.

वणकथेचा अभ्यास करणाऱ्यांस विल्यम लबोव व जोशुआ वालेट्स्की यांचा १९६७ मधील निबंध अपरिहार्य आहे. स्वानुभवाच्या मौखिक कथनाचे घटक त्यांनी दाखवून दिले : पूर्वपीठिका, गुंतागुंत, मूल्यांकन, निरास व भरतवाक्य. हे प्रतिमान लबोवने १९७२ मध्ये अधिक विस्ताराने मांडले. ‘तुम्ही कधी मरणाच्या दारात उभे होता का?’ अशा आशयाचा त्याचा प्रश्न प्रसिद्धच आहे. या प्रतिमानानुसार वण म्हणजे देहावर कोरलेले भरतवाक्य. श्रोत्याला भूतकाळातून वर्तमानात आणून सोडणारा घटक. कल्पना आकर्षक आहे, परंतु एक मर्यादा सांगणे भाग आहे. लबोवच्या पद्धतीत निवेदक हा घटनेचा साक्षीदार आहे असे गृहीत धरलेले असते. बालपणच्या वणाचा निवेदक साक्षीदार नसतो. त्याची कथा एका दुसऱ्या, बहुधा स्त्रीच्या, कथनाची आवृत्ती असते; आणि त्या पहिल्या कथनात मूल्यांकन हे वाक्यरचनेच्या आतच, विभक्तीतच, लपलेले असते. निवेदकाने ‘त्यामुळे मी शिकलो की…’ असे काही म्हणण्याची वाट पाहणारा अभ्यासक त्यामुळे चुकेल.

मराठी साहित्यातून या दृष्टीने पुष्कळ शोधण्यासारखे आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये पोहावयास जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला आई मारते, तेव्हा कर्ता निःसंदिग्ध आहे. आईने मारले. मार देणाऱ्याचा हेतू वात्सल्याचा आहे असे निवेदकाला निश्चित वाटत असले की कर्ता उघडपणे वाक्यात येतो, किंबहुना मोठ्या गौरवाने येतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) मध्ये पोलिसांच्या माराविषयी लिहिताना कर्ता तितकाच उघड आहे, पण गौरवासाठी नव्हे. तेथे कर्ता सांगणे हेच लेखनाचे प्रयोजन आहे. दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या भाषेविषयी आपल्याकडे बोलीच्या अंगाने बरेच लिहिले गेले. त्यांच्या प्रयोगांविषयी, म्हणजे कर्तरी-कर्मणीच्या अर्थाने प्रयोगांविषयी, फारच थोडे. हे काम कोणीतरी अंगावर घ्यावयास हवे.

परंतु या साहित्यातही एक रेषा दिसते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (ग्रंथरूपाने १९८६) मध्ये सुनांची नाके कापली जात असल्याचे भयंकर वर्णन आहे, आणि ते करणारे कोण हे त्या स्पष्ट सांगतात. माया पंडित यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यासोबत लेखिकेची मुलाखत आहे. त्या मुलाखतीत स्वतःच्या नवऱ्याने केलेल्या मारहाणीविषयी त्या बोलतात. ग्रंथात ते नाही. समाजाच्या वतीने बोलणाऱ्या निवेदिकेने शेजारच्या घरातील कर्ता नावानिशी उभा केला आणि स्वतःच्या घरातील कर्ता वीसएक वर्षे वाक्याबाहेर ठेवला, याला उणीव म्हणावयाचे काय? काही समीक्षक म्हणतील. प्रस्तुत लेखकास ते म्हणवत नाही. पण ग्रंथ शिकविताना मुलाखत वगळून तो शिकवू नये, असे मात्र आग्रहाने वाटते.

क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन सूचना. वणकथा नोंदविताना विभक्तिप्रत्यय जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ‘मला काठी बसली’ हे ‘मला काठीने मारले’ असे सुधारून लिहू नये, आणि भाषांतरात तर मुळीच नाही. दुसरे, शक्य असेल तेथे तीच कथा घरातील दुसऱ्या व्यक्तीकडूनही, वेगळ्या वेळी, ऐकावी. मात्र दोन कथनांत कर्ता वेगळा निघाला तर ते ज्याच्या अंगावर वण आहे त्याला सांगावे की नाही, हा प्रश्न कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात सोडविलेला नाही. आणि तो विद्यार्थ्याने एकट्याने सोडवू नये, मार्गदर्शकाशी बोलावे. आत्याने ती गोष्ट सांगितल्यावर विचारले होते, ‘तुला सांगायला नको होतं का रे?’ त्याचे उत्तर लेखकास त्या वेळी देता आले नाही.